स्लिम मॉनिटर घेताय? आधी विचारा, पातळ करताना काय काढून टाकलं!



मागच्या व्हिडिओत आपण घरातल्या कामाच्या टेबलाची मांडणी पाहिली. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. "मॅडम, लॅपटॉपला जोडायला मोठा स्क्रीन घ्यायचाय. स्लिमवाला. कुठला घेऊ?"

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. दुकानातली मॉडेलं सारखी बदलतात, आज सांगितलेलं नाव पुढच्या दिवाळीत मिळेलच असं नाही. पण पारखायचं कसं हे एकदा कळलं, की कुठल्याही दुकानात तुम्हाला कुणी गुंडाळू शकणार नाही. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

मोठा स्क्रीन हवाच कशाला?

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. सगळं काम १४ इंची लॅपटॉपवर. एका खिडकीत ग्राहकांची यादी, दुसऱ्या खिडकीत बिलिंग. यादी उघडायची, जीएसटी नंबर कॉपी करायचा, परत बिलावर यायचं. एके दिवशी या ये-जा करण्यात एका दुकानदाराच्या बिलावर दुसऱ्याच दुकानदाराचा नंबर पडला.

आता बघा, जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि त्यातलं शेवटचं अक्षर तपासणीचं असतं. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर पोर्टल सहसा पकडतं. पण दुसऱ्या माणसाचा खराखुरा नंबर टाकलात तर? तो बरोबरच ठरतो! रिटर्न भरलं गेलं. ज्याचा माल होता त्याच्या २बी मध्ये ते बिल दिसेना. त्याने सरळ सांगितलं, "ताई, दुरुस्ती करा, मग पैसे देतो." पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती झाली, पण तोवर पैसे अडकले ते अडकलेच.

चूक ताईंची होतीच. पण दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी दिसत असत्या तर नाव आणि नंबर एका नजरेत ताडून पाहता आले असते. म्हणून मोठा स्क्रीन. हौस म्हणून नाही.

आणि माझी स्वतःची फजिती

हा धडा मी पैसे मोजून शिकलेय. काही वर्षांपूर्वी मी एक २७ इंची स्लिम मॉनिटर घेतला. दुकानात तो बाजूने दाखवला, वरची कड जाडजूड मोबाइलएवढी. मी भुलले. घरी आणला, दोन दिवस सगळ्यांनी कौतुक केलं.

तिसऱ्या आठवड्यात मान धरली. मला चाळिशीचा चष्मा आहे, जवळचं पाहायची काच खालच्या भागात. मॉनिटर उंच, त्यामुळे वरची ओळ वाचायला हनुवटी वर करून बसायची सवय लागली. स्टँड खाली करू म्हटलं, तर तो फक्त पुढेमागे कलतो, वरखाली होत नाही. टेबलाला बसणारा हात विकत आणू म्हटलं, तर मॉनिटरच्या पाठीला स्क्रूची भोकंच नाहीत. शेवटी मॉनिटर तसाच राहिला आणि मी खुर्चीवर उशी घेऊन उंच बसायला लागले. हे काही खरं नाही ना?

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. दुकानात आपण मॉनिटर बाजूने पाहतो, घरी आठ तास समोरून पाहतो. पातळपणा बाजूने दिसतो. समोरून काय दिसतं आणि पातळ करताना आतलं काय काढलं, हे विचारायचं.

पहिली पायरी: इंच नको, उंची मोजा

मॉनिटरचे इंच हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजलेले असतात. वाइडस्क्रीनमध्ये इथेच गफलत होते.

जुना चौकोनी १७ इंची मॉनिटर आठवतो? त्याची उंची साधारण साडेदहा इंच, आणि उभे ठिपके १०२४. त्याच्या जागी कुणी १८.५ इंची वाइडस्क्रीन आणला तर आकडा वाढला, पण उंची झाली जेमतेम ९ इंच आणि उभे ठिपके ७६८. मोठा म्हणून आणला आणि एक्सेलच्या ओळी कमी दिसायला लागल्या! लेजर, स्टॉक यादी, रोजमेळ हे सगळं वरून खाली वाचायचं काम आहे. आपल्याला रुंदी हवी, पण उंचीचा बळी देऊन नको.

हे आकडे लिहून घ्या. सगळे १६ : ९ आकाराचे:

- १५.६ इंची लॅपटॉप: रुंदी साडेतेरा इंच, उंची साडेसात इंचांच्या आसपास.
- २१.५ इंची मॉनिटर: रुंदी पावणेएकोणीस, उंची साडेदहा.
- २४ इंची मॉनिटर: रुंदी एकवीस, उंची पावणेबारा.
- २७ इंची मॉनिटर: रुंदी साडेतेवीस, उंची सव्वातेरा.

म्हणजे १५.६ वरून २४ वर गेलात की क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून जास्त होतं. घरच्या कामाला २१.५ ते २४ इंच बहुतेकांना पुरतात.

आणि ते लांबलचक अल्ट्रावाइड? २९ इंची अल्ट्रावाइडची उंची साडेअकरा इंचांच्या आतच, म्हणजे २४ इंचीपेक्षाही थोडी कमी. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला ठीक. बिलं करणाऱ्याने आधी विचार करावा. उलट १६ : १० आकाराचा २४ इंची मिळाला, तर त्यात उंची जवळपास एक इंच जास्त मिळते. लेजरवाल्यांसाठी उत्तम, पण दुकानात तो शोधावा लागतो.

दुसरी पायरी: अक्षर किती नितळ?

फुल एचडी म्हणजे १९२० आडवे आणि १०८० उभे ठिपके. स्क्रीन लहान असो की मोठा, ठिपके तेवढेच. मोठ्या स्क्रीनवर ते विरळ पसरतात. डोशाचं पीठ तेवढंच आणि तवा मोठा, तसं.

२१.५ इंचीत एका इंचात साधारण १०२ ठिपके बसतात, २४ इंचीत ९२, आणि २७ इंची फुल एचडीत फक्त ८१-८२. माझ्या फजितीचा दुसरा भाग हाच होता, अक्षरांच्या कडा खरबरीत दिसायच्या. २७ इंची घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्या, त्यात इंचाला १०९ येतात. बजेट नसेल तर २४ वर थांबा. मोठा आणि भरड यापेक्षा थोडा लहान आणि नितळ कधीही चांगला.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी माझी खास चाचणी आहे. लॅपटॉप दुकानात घेऊन जा, मराठी पत्र किंवा बिल उघडा, अक्षरं नेहमीच्या आकारात ठेवा आणि हातभर अंतरावर बसा. अनुस्वाराचा ठिपका आणि रफार वेगवेगळे ओळखू येतात का? उकारातला ऱ्हस्व-दीर्घ कळतो का? इंग्रजी आकड्यांत ३ आणि ८ न थबकता वाचता येतात का? डोळे बारीक करावे लागले तर तो मॉनिटर तुमचा नाही.

"घरातला टीव्हीच लावला तर?" हाही प्रश्न असतोच. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीत ठिपके १३६६ बाय ७६८ च असतात. म्हणजे इंचाला ४९! सिनेमा आपण दहा फुटांवरून पाहतो म्हणून चालतं. बिल दोन फुटांवरून वाचायचं असतं.

तिसरी पायरी: पातळ करताना काय काढलं?

आजचा मुख्य धडा हा आहे. स्लिम मॉनिटरमध्ये प्रकाश देणारे एलईडी सहसा मागे पसरलेले नसतात, कडेला एका पट्टीत असतात. त्यांचा प्रकाश एका पारदर्शक पत्र्यातून सगळीकडे पसरवला जातो. म्हणून वरचा भाग इतका पातळ होतो. बाकीचं इलेक्ट्रॉनिक्स खालच्या फुगीर भागात बसवतात. यात वाईट काही नाही. पण जागा वाचवताना काही गोष्टी कमी होतात. एकेक तपासा.

वीज. पॉवर सप्लाय बऱ्याचदा बाहेर येतो, लॅपटॉपसारखा वेगळा अ‍ॅडॉप्टर. टेबलाखाली त्याला जागा हवी. तो बिघडला तर तसाच दुसरा कितीला आणि कुठे मिळेल, हे घेतानाच विचारा.

स्टँड. अनेक स्लिम मॉडेलांचा स्टँड फक्त थोडा पुढेमागे कलतो. उंची बदलत नाही. दुकानात टेबलाला हलकासा धक्का द्या आणि स्क्रीन किती वेळ डुलतो ते पाहा. घरी त्याच टेबलावर तुम्ही टायपिंग करणार आहात.

पाठीची भोकं. मागे चार स्क्रूंची चौकोनी जागा असते, १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटरची. तिला वेसा माउंट म्हणतात. ती असेल तर उद्या भिंतीला लावता येतो, वरखाली होणाऱ्या हातावर बसवता येतो. काही स्लिम मॉडेलांत ती नसते. स्टँड वरखाली होत नाही आणि भोकंही नाहीत, असं दोन्ही असेल तर मॉनिटर जिथे आहे तिथेच राहणार आणि जुळवून घ्यायचं ते तुमच्या मानेने. चाळिशीचा चष्मा असेल तर यातलं एक तरी हवंच हवं.

पोर्ट. काही स्लिम मॉनिटरना एकच एचडीएमआय असतं. तुमच्याकडे जुना कॉम्प्युटर असेल आणि त्याला फक्त निळ्या तोंडाचं, दोन स्क्रूवालं व्हीजीए असेल, तर जोडणार कसं? कन्व्हर्टर मिळतो, पण तो एकाच दिशेने चालतो. व्हीजीए कॉम्प्युटरकडून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारा वेगळा आणि उलटा वेगळा. दोन्ही बाजूंना एचडीएमआय असेल तर व्हीजीएच्या नादाला लागू नका, त्यात अक्षरं जराशी पुसट होऊ शकतात.

स्पीकर. पुष्कळदा नसतात. असले तर आवाज बेताचा. ऑनलाइन मीटिंग असतील तर हेडफोनचे पैसे वेगळे धरा.

मजबुती. पातळ पॅनेल दाबाला नाजूक असतं. उचलताना स्क्रीनवर अंगठे दाबू नका. पुसताना काच पुसायचा स्प्रे थेट मारू नका, ओघळ खालच्या कडेतून आत जातो. किंचित ओलसर मऊ कापड पुरे. साफसफाईच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा!

चौथी पायरी: रंग आणि उजेड

पॅनेलचे तीन प्रकार ऐकाल. टीएन बाजूने पाहिलं की रंग बदलतात. व्हीए मध्ये काळा रंग गडद दिसतो. आयपीएस कोनातून पाहिलं तरी रंग बऱ्यापैकी टिकवतो. साड्या, दागिने, केक यांचे फोटो टाकून ऑर्डर घेणाऱ्यांनी आयपीएसच घ्यावा. गुलबक्षी रंग स्क्रीनवर लाल दिसला आणि तसाच दुरुस्त करून तुम्ही फोटो टाकलात, तर पार्सल परत येण्याचा खर्च तुमच्या माथी. माहितीपत्रकात एसआरजीबी ९५ टक्क्यांच्या वर लिहिलेलं असलं की आपल्या कामाला भागतं.

उजेडासाठी २५० निट्स घरात पुरतात. पृष्ठभाग मॅट हवा. चकचकीत असेल तर बिलाऐवजी मागची खिडकी दिसते. दुकानात स्क्रीन पूर्ण काळा करून कोपरे पाहा. स्लिममध्ये कडेचा प्रकाश थोडा झिरपतो. किंचित असेल तर सोडून द्या, पांढुरका ढग दिसला तर दुसरा नग मागा. मग पूर्ण पांढरा स्क्रीन करून मेलेले ठिपके शोधा. एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी बहुतेक कंपन्या वॉरंटीत बदलून देत नाहीत, म्हणून घेतानाच पाहायचं.

ज्या आकड्यांना भुलायचं नाही

"१४४ हर्ट्झ", "१ मिलिसेकंद", "कोटीला एक कॉन्ट्रास्ट". पहिले दोन खेळ खेळणाऱ्यांसाठी. हिशेबाला ६० हर्ट्झ पुरतात, त्याच पैशात ७५ किंवा १०० मिळाले तर आनंदाने घ्या. कोटीचा कॉन्ट्रास्ट हा जाहिरातीचा आकडा. खरा आकडा आयपीएसमध्ये साधारण १००० ला १ आणि व्हीएमध्ये ३००० ला १ च्या आसपास असतो.

पैशाचा हिशेब, आपल्या पद्धतीने

समजा, मॉनिटर जीएसटीसह ९,००० रुपयांचा. पाच वर्षं चालला, वर्षाला ३०० दिवस काम. म्हणजे दिवसाला ६ रुपये. २० वॅटचा मॉनिटर रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस चालवला तर ४ युनिट वीज. आता तुलना करा, एक चुकीचं बिल तुम्हाला कितीला पडतं?

मॉनिटरवर जीएसटी १८ टक्के आहे. ३२ इंचांपेक्षा मोठ्यांना पूर्वी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. आपल्या ९,००० मध्ये साधारण १,३७३ रुपये कर आहे. तुमची नियमित नोंदणी असेल आणि मॉनिटर व्यवसायासाठी असेल, तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं, पण बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा. ऑनलाइन घेताना ऑर्डर देण्याआधी तो भरा, नंतर धावपळ होते. कंपोझिशनवाल्यांना क्रेडिट नाही. मुलांचा अभ्यास, घरचे सिनेमे असा मिश्र वापर असेल तर किती दाखवायचं ते तुमच्या सीएंना विचारा.

वॉरंटी किती वर्षांची, इतकंच विचारून थांबू नका. माणूस घरी येणार की खोकं घेऊन आपण जायचं? सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती लांब? तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न शंभर-दोनशे रुपयांच्या सवलतीपेक्षा मोठा आहे. ऑनलाइन आला तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोकं माळ्यावर ठेवा.

घरी आणल्यावर

१. केबल जोडली की विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा आणि एक्स्टेंड निवडा. कित्येक जण लॅपटॉपचंच चित्र मोठं करून पाहतात आणि म्हणतात फरक पडला नाही!

२. डिस्प्ले सेटिंगमध्ये जिथे रेकमेंडेड लिहिलंय तेच रिझोल्यूशन ठेवा.

३. विंडोजचं बटण धरून डावा बाण दाबला की खिडकी डाव्या अर्ध्या भागात बसते, उजवा दाबला की उजव्या. डावीकडे यादी, उजवीकडे बिल.

४. मॉनिटर हातभर लांब. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. चाळिशीचा चष्मा असेल तर आणखी खाली, आणि स्क्रीन किंचित मागे कललेला.

५. खिडकी बाजूला ठेवा, समोर किंवा पाठीमागे नको. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवरचं काहीतरी पाहा. गॅलरीतली तुळस, समोरची गच्ची, काहीही चालेल.

आपल्या मसालेवाल्या ताईंनी शेवटी २१.५ इंची घेतला. जाडीने जरा दणकट, दिसायला साधा, पण स्टँड वरखाली होणारा. आता डावीकडे यादी असते आणि उजवीकडे बिल. सेव्ह करण्याआधी त्या नाव आणि नंबर बोट ठेवून जुळवतात. मी म्हटलं, "ताई, स्क्रीनवर बोटांचे डाग पडतात." त्या म्हणाल्या, "पडू देत मॅडम, पैसे वेळेवर येतात."

आजचा गृहपाठ

दुकानात जाण्याआधी चार गोष्टी वहीत लिहा: टेबलाची खोली किती इंच, खुर्चीत ताठ बसल्यावर टेबलापासून तुमचे डोळे किती उंच, तुमच्या कॉम्प्युटरला कुठलं पोर्ट आहे त्याचा फोटो, आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे. हे चार आकडे हातात असले की विक्रेता मॉनिटर बाजूने दाखवायला लागला तरी तुम्ही शांतपणे म्हणाल, "दादा, जरा पाठ दाखवा."

तुमचे आकडे व्हिडिओखाली लिहा, जमेल तितक्यांना उत्तर देते. भेटूया पुढच्या धड्यात!